पारधी घरी गेल्यावर

एकनाथी भागवताच्या सातव्या अध्यायात कपोताचे आख्यान येते. अवधूताने यदुराजाला सांगितलेल्या चोवीस गुरूंपैकी हा आठवा गुरू. कपोत आणि कपोती यांचा संसार, त्यांचे परस्परांवरील प्रेम, पिलांची बोबडी किलबिल, चारा आणण्यासाठी दोघांचे बाहेर जाणे, मग पारध्याचे जाळे, आधी पिले, त्यांच्यापाठोपाठ माता आणि शेवटी समजून उमजून स्वतःला जाळ्यात झोकून देणारा पिता. नाथ स्वतः पैठणचे गृहस्थाश्रमी. संसारात राहून परमार्थ साधलेल्या या कवीने आसक्तीचा हा दृष्टांत ज्या जिव्हाळ्याने रंगवला आहे, तो पाहता कपोताला दोष देताना त्यांची लेखणी थोडी अडखळली असावी, असे मला नेहमी वाटत आले आहे. आपण हा भाग वर्गात शिकवतो तेव्हा वैराग्याचा मुद्दा सांगतो, रूपकाचा सांगतो, नाथांच्या निवेदनशैलीचा सांगतो. मूळ भागवतातील एक साधे विधान मात्र आपल्या नजरेतून सुटते. सगळे कुटुंब हाती लागल्यावर पारधी कृतार्थ होऊन आपल्या घरी गेला, असे तेथे म्हटले आहे.

त्याच्याही घरी कोणी वाट पाहत असेल. त्याचीही पिले असतील. चूल असेल, आणि त्या चुलीवर त्या संध्याकाळी काय शिजले असेल हे उघड आहे. आख्यान मात्र पारध्याच्या उंबरठ्यापाशी थांबते. पक्ष्याच्या घरट्यात शिरणारी आपली काव्यपरंपरा पक्षी पकडणाऱ्याच्या घरात सहसा शिरत नाही. प्रस्तुत लेखात त्या घरात, आणि त्याच्याइतकेच, त्याच पक्ष्यांवर ताव मारणाऱ्या इतर घरांत डोकावण्याचा प्रयत्न आहे.

परंपरेचा आरंभच मुळी अशा एका पक्ष्यापासून झाला. क्रौंचमिथुनातील नराला निषादाने मारले, वाल्मीकींचा शोक श्लोक झाला आणि निषादाच्या वाट्याला शाप आला. आदिकाव्याच्या या उगमकथेवर आपल्याकडे इतके लिहिले गेले आहे, की त्यात भर घालण्याचे कारण नाही. निषादाला भूक होती का, हा प्रश्न मात्र काव्यशास्त्राने विचारला नाही, एवढे नोंदवून पुढे जाऊ. महाभारताच्या शांतिपर्वातील कपोत-लुब्धक कथा याला अपवाद ठरते. तेथे वादळात सापडलेला, थंडीने गारठलेला पारधी झाडाखाली बसतो आणि आपल्याला भूक लागल्याचे सांगतो. ज्याची मादी त्याच्या पिंजऱ्यात आहे असा कपोत त्याला अतिथी मानून स्वतः अग्नीत उडी घेतो. पारध्याची भूक उच्चारली गेलेली ही दुर्मीळ कथा. पण तेथेही ती भागत नाही, त्याला पश्चात्ताप होतो.

आमच्या जिल्ह्यात या विषयाचे एक चित्रदालनच आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात कबुतराच्या रक्षणासाठी स्वतःचे मांस तोलून देणारा शिबी राजा आहे, सतराव्या लेण्यात हंसजातक आहे. सम्मोदमान जातकात तर लाव्यांचा थवाच नायक आहे. लाव्याच्या आवाजाची नक्कल करून पारधी त्यांना एकत्र जमवतो आणि जाळे टाकतो. लावे एकदिलाने जाळ्यासकट उडून जातात, आणि पुढे आपसातील भांडणामुळे सापडतात. ऐक्याचा बोध बाजूला ठेवला तर या कथेत शिकारीचे तंत्र अचूक नोंदलेले आहे. शीळ घालून लावे बोलावण्याची तीच विद्या दोन हजार वर्षांनंतरही मराठवाड्याच्या माळरानांवर जिवंत होती. जाता जाता हेही सांगायला हवे, की १८१९ साली अजिंठ्याची लेणी ज्याच्या दृष्टीस पडली तो जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी या दरीत शिकारीसाठीच आला होता. ज्या भिंतींवर शिकारी पक्ष्याला सोडून देतो, त्या भिंतींचा शोध शिकाऱ्याला लागावा, हा योगायोग मजेदार आहे.

काव्य उंबरठ्यावर थांबते, पण शास्त्र थांबत नाही. चरकसंहितेत पक्ष्यांचे वर्गीकरण त्यांच्या खाण्याच्या रीतीवरून केले आहे. पायांनी उकरून दाणे टिपणारे ते विष्किर, चोचीने टोचून खाणारे ते प्रतुद. लावा, तित्तिर, कपिंजल हे पहिल्या गटात, चिमणी दुसऱ्या गटात. कोणत्या वर्गात काय श्रेष्ठ याची जी यादी चरकाने दिली आहे, तीत पक्ष्यांच्या मांसात लाव्याचे मांस अग्रगण्य ठरवले आहे. ते पचायला हलके, म्हणून ज्वरातून उठलेल्या रोग्याला त्याचा रस द्यावा. चिमणीचे मांस स्निग्ध, बलवर्धक आणि वाजीकर. वैदिक सूक्तांत अश्विनीकुमार लांडग्याच्या जबड्यातून वर्तिकेची, म्हणजे लावीची, सुटका करतात. आणि ज्या वैद्यकाचे ते आद्य देव मानले जातात, त्या वैद्यकात लाव्याचे सूप पथ्य म्हणून येते. यात मला विसंगती वाटत नाही. जुनी माणसे दोन्ही गोष्टी एकाच वेळी जाणत होती, इतकेच.

कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराचा 'मानसोल्लास' ऊर्फ 'अभिलषितार्थचिंतामणि' (इ. स. ११२९च्या सुमारास) मराठीच्या विद्यार्थ्यांना माहीत असतो तो वेगळ्या कारणाने. त्यातील गीतविनोदात मराठी भाषेचे जुने नमुने सापडतात आणि महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात असा उल्लेख आहे. आपण तेवढे पान उघडतो आणि ग्रंथ मिटतो. त्याच ग्रंथात अन्नभोगाचे प्रकरण आहे, भाजलेल्या शेतातील उंदरांपासून कासवापर्यंतच्या पाककृती आहेत, ससाण्याकडून पक्षी मारवण्याचा श्येनविनोद आहे आणि लाव्यांच्या झुंजींचा लावकविनोदही आहे. ओवी आणि लावा एकाच जिल्दीत नांदतात. वाङ्मयेतिहासाने त्यातली ओवी उचलली.

याच्या उलट टोकाला लीळाचरित्र. शिकारी मागे लागलेला ससा चक्रधरांच्या आश्रयाला येतो आणि ते त्याला अभय देतात, ही लीळा सर्वपरिचित आहे. या लीळेत चक्रधर शिकाऱ्यांना शाप देत नाहीत, त्यांच्याशी बोलतात. महानुभाव गद्याचे मोठेपण सांगताना आपण वाक्यरचनेविषयी पुष्कळ बोलतो. समोरच्या माणसाशी बोलण्याची ही रीतही त्या गद्याचाच गुण आहे.

आता एकोणिसाव्या शतकात आणि जालन्यात येऊ. जालना तेव्हा निजामाच्या राज्यातील लष्करी छावणी होती (पुढे १९८१पर्यंत ते औरंगाबाद जिल्ह्यात होते). मद्रास सैन्यातील शल्यचिकित्सक थॉमस जर्डन हा १८३०च्या दशकाच्या अखेरीस या भागात होता. दख्खनच्या पक्ष्यांची त्याची सूची १८३९पासून मद्रासच्या नियतकालिकात छापली जाऊ लागली आणि तीत जालन्याचे नाव पुनःपुन्हा येते. त्याच्या आधी पुणे-नगर भागात फिरलेल्या कर्नल साइक्सने १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली होती. माळावरच्या एका लाव्याचे आणि एका चंडोलाचे शास्त्रीय नामकरण त्याचेच. या मंडळींच्या लेखनात पक्ष्याचा रंग, चोच, पंखांची लांबी यांच्या शेजारीच त्याच्या चवीची नोंद असते. पक्षी बंदुकीने मिळायचा, कातडे संग्रहात जायचे आणि उरलेले बहुधा टेबलावर. त्या काळच्या पक्षिशास्त्राचा स्वयंपाकघराशी असलेला संबंध त्यांनी लपवला नाही. पुढे शास्त्र अधिक सभ्य झाले आणि चवीचे रकाने गळाले.

त्यांच्या ताटातील एक पक्षी आपल्या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. आखूड बोटांचा चंडोल, वजनाने जेमतेम पंचवीस ग्रॅम. मध्य आशियातून ऑक्टोबरच्या सुमारास तो मोठमोठ्या थव्यांनी येतो, कापणी झालेल्या शेतांत आणि उघड्या माळांवर दाणे टिपतो आणि उन्हाळा लागता लागता अंगावर चरबी धरून परततो. हिंदुस्थानातील युरोपियनांनी त्याला नाव दिले 'ऑर्टोलन'. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशात या शब्दाची स्वतंत्र नोंद असून हिंदीत याला बगेरी म्हणतात असेही तेथे दिले आहे.

खरा ऑर्टोलन निराळा. तो युरोपातील भारीट कुळातला पक्षी. फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात त्याला जिवंत पकडून, अंधारात ठेवून, दाणे चारून फुगवीत. मग आर्मान्याक मद्यात बुडवून मारीत आणि अख्खा भाजून हाडांसकट खात. खाणारे डोक्यावरून रुमाल ओढून घेत. वास निसटू नये म्हणून, असे कोणी सांगतात. देवाला दिसू नये म्हणून, असेही सांगतात. राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी मृत्यूच्या आठवडाभर आधी, ३१ डिसेंबर १९९५ रोजी, असे भोजन केल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. १९९९ साली फ्रान्सने या पक्ष्याला कायद्याचे संरक्षण दिले; तरीही आपली खाद्यपरंपरा म्हणून तिची बाजू मांडणारे नामवंत बल्लवाचार्य तेथे निघालेच.

मराठवाड्याच्या उन्हात छावणीत बसलेल्या साहेबाला या ताटाची आठवण झाली आणि हाताशी जो लहानसा, लठ्ठ, थव्याने मिळणारा पक्षी होता, त्यावर त्याने ते नाव चिकटवले. वास्तविक एक चंडोल, एक भारीट. दोघांत साम्य असेल तर वजनाचे आणि चरबीचे. पण नावाने पदार्थाची प्रतिष्ठा ठरते. चंडोल हा शेतातला पक्षी, ऑर्टोलन ही मेजवानी. पक्षी पकडून आणणारा स्थानिक जाळेवाला त्याला काय म्हणत होता, याची नोंद ठेवण्याची साहेबाला क्वचितच गरज वाटे. एका माणसाच्या पोटाला असे आठ-दहा पक्षी तरी लागणार. म्हणजे मेजवानीसाठी शेकडो. बंदुकीच्या छऱ्याने एवढ्याशा पक्ष्याच्या चिंधड्या होतात, तेव्हा हे काम जाळ्याचे आणि फाशांचेच. साहेबाच्या ताटातल्या नाजूक पक्ष्यामागे अनवाणी माणसांची पहाटेची मेहनत होती.

याच कोशात आणखी एक बारीक तपशील आहे. दक्षिणेत कधीकधी आणखी एका चिमुकल्या चंडोलालाही ऑर्टोलन म्हणत. राखी टाळूचा आणि काळ्या पोटाचा हा पक्षी आपल्याकडे डोंबारी या नावाने ओळखला जातो. हवेत उंच चढून, शीळ घालीत खाली सूर मारायचा, पुन्हा वर उसळायचे, पुन्हा सूर, असा त्याचा खेळ. ते पाहून कुणा मराठी माणसाला दोरीवर कसरत करणारे डोंबारी आठवले. एकाच पक्ष्याकडे पाहून एका भाषेला भटक्यांचा खेळ सुचला आणि दुसरीला पॅरिसचे ताट.

मराठी शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र या हंगामातला खरा पक्षी म्हणजे भोरडी. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही साळुंकीची बहीण पावसाळा सरता सरता येते आणि एप्रिलपर्यंत मुक्काम करते. ज्वारी हुरड्यात आली, की हजारोंच्या संख्येने तिचे थवे कणसांवर उतरतात. वॉल्टर इलियट या धारवाडकडील अधिकाऱ्याने तिच्याविषयी केलेले टिपण जर्डनने आपल्या ग्रंथात घेतले आहे. पांढऱ्या ज्वारीची राखण करण्यासाठी शेतकऱ्यांना कसे ठिकठिकाणी राखणदार बसवावे लागतात, ते गोफणीने आणि लांब दोराचा कडाड् आवाज काढून थवे कसे उठवतात, याचे वर्णन त्यात आहे. माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणारी मुलगी ही मराठी कवितेची आवडती प्रतिमा. ना. धों. महानोरांच्या 'रानातल्या कविता' (१९६७) आल्या त्या अजिंठ्याच्या डोंगरालगतच्या पळसखेडच्या शेतातून, आणि त्यांच्यामुळे ज्वारीचे रान आणि पाखरांचे थवे शहरी वाचकाला कायमचे देखणे झाले. गोफणीच्या दगडाने पडलेल्या पाखराचे काय होत असे, हे कवितेला विचारायचे नसते, हे मान्य. पण इतिहासाला विचारायला हवे. दाणे खाऊन पुष्ट झालेली भोरडी काही घरांत खाल्ली जाई, आणि ज्या घरांत खाल्ली जाई त्यांना त्याबद्दल नाक मुरडलेले सहन करावे लागे. तीच भोरडी साहेबाच्या ताटात गेली, की शिकार.

पक्षिशास्त्राच्या कसोटीवर लावा हा गाणारा पक्षी नव्हे. चंडोल आणि भोरडी गाणाऱ्या पक्ष्यांच्या गणात येतात. जिभेने हा भेद कधी मानला नाही. संस्कृतीने मात्र एक वेगळाच भेद मानला. मराठी घरात लहान मुलाला जेवू घालताना पहिला घास चिऊचा, दुसरा काऊचा. पक्षी हा पंक्तीतला पाहुणा, पानातला पदार्थ नव्हे, ही समजूत बाळाला अन्नाबरोबरच भरवली जाते. समजूत सुंदर आहे. पण सगळ्या मराठी घरांत ती एकाच अर्थाने नांदत होती, असे गृहीत धरून आपण 'मराठी संवेदनशीलता' वगैरे शब्द वापरतो, तेव्हा काही घरे मोजणीतून वगळलेली असतात.

त्या घरांत फासेपारध्यांचे घर येते. घोड्याच्या केसांचे किंवा दोऱ्याचे फासे, वाघूर म्हणजे जाळे, शिकवून तयार केलेली गाय आणि तिच्या आडोशाने सरकत तितरांच्या जवळ जाणे, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. याच जमातीतील काही लोक जात्याला टाकी लावून देत; म्हणजे गावाच्या पिठाशीही त्यांचा संबंध होता. ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. त्याची व्याप्ती पुढे वाढत गेली आणि जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमातींत पारधी आले. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. वीस वर्षांनी, १९७२ साली, वन्यजीव संरक्षण कायदा आला. आरंभी त्यात लहान शिकारीचे आणि पक्षी पकडण्याचे परवाने होते. १९९१च्या दुरुस्तीने तेही गेले. हा कायदा आवश्यक होता, याविषयी मला शंका नाही. माळराने नांगरली जात होती, पक्षी खरोखर घटत होते. पण परवाना घेऊन हौसेने लावे मारणाऱ्याचा फक्त छंद गेला आणि पारध्याचा व्यवसाय गेला. हौशी शिकारी निसर्गप्रेमी झाला, त्याने आठवणी लिहिल्या, त्या आपल्या अभ्यासक्रमात आल्या. पारधी पुन्हा आरोपी झाला. १९५२ साली ज्यांच्या माथ्यावरचा शिक्का पुसला, त्यांच्या हाती नवा कायदा नव्या कलमासह येतो, तेव्हा त्याचा अर्थ त्यांना काय लागत असेल?

या संदर्भात सलीम अलींची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. आमच्या शहरात दिल्ली दरवाजाजवळचा तलाव त्यांच्या नावाने ओळखला जातो. निजाम सरकारच्या पाठिंब्याने १९३१-३२मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानच्या पक्ष्यांची पाहणी केली. 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' (१९८५) या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या आयुष्याला वळण देणारी चिमणी वर्णिली आहे. मुंबईतल्या एका मुसलमान कुटुंबातला शाळकरी मुलगा छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारीत होता आणि त्या घरात खाल्ल्याही जात. एके दिवशी पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही खाणे आपल्याला चालेल का, या शंकेने मुलगा मामांकडे गेला. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्ड साहेबांकडे पाठवले. घरी रश्शासाठी जिवंत आणलेले लावे-तितर आचाऱ्याच्या तावडीतून सोडवून पाळल्याचेही त्यांनी सांगितले आहे. भारतीय पक्षिशास्त्राचा आरंभबिंदू स्वयंपाकघरातील एका धर्मशंकेत आहे, आणि सलीम अलींनी तो झाकून ठेवला नाही, हा त्यांच्या प्रामाणिकपणाचा भाग. मराठीतले आपले निसर्गलेखन या बाबतीत जरा सोवळे आहे.

लावा आज ढाब्यावर मिळतो, पण तो जपानी. १९७४ साली बरेलीजवळच्या इज्जतनगर येथे हा पाळीव लावा आणला गेला आणि त्याची पैदास देशभर पसरली. नावाच्या पाटीवर 'बटेर' असे लिहिलेले असते. वर्तकापासून निघालेला तो जुनाच शब्द आहे. रानातल्या लाव्याशी त्याचे नाते लांबच्या भाऊबंदाचे.

अन्नाचा इतिहास ज्यांच्या घरचे अन्न आहे त्यांनीच लिहिला म्हणजे काय होते, हे शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकाने दाखवले आहे. मराठवाड्यातील दलित घरांच्या चुलीवरचे पदार्थ त्यांनी निःसंकोचपणे आणि चवीने मांडले, तेव्हा कित्येक मराठी वाचकांना आपल्या शेजारच्या घरात काय शिजते हे प्रथमच कळले. अकोला-वाशीम भागात 'संवेदना' ही संस्था फासेपारध्यांच्या सोबतीने गवताळ माळ आणि तणमोर यांच्या संरक्षणाचे काम करीत आली आहे. पक्षी कुठे बसतो, कधी बोलतो, हे पारध्याइतके कोणाला माहीत असणार? मराठीच्या विभागांनाही येथे काम आहे. पारधी घरात बोलली जाते ती गुजरातीच्या जवळची बोली. तिच्यात लाव्यांच्या प्रकारांना, चंडोलांना, फाशांच्या गाठींना आणि शिळांना शब्द असणार, आणि ते बोलणारी पिढी आता वृद्ध आहे. विद्यार्थ्यांना वही घेऊन पाठवावे असे वाटते. पण तांड्यावर जाऊन अनोळखी माणसाने कोणता पक्षी कसा पकडत होता असे विचारले, की समोरचा म्हातारा आधी विचारणाऱ्याच्या पायातले बूट पाहतो, पोलिसाचे आहेत की वनखात्याचे.